मेट्रो शून्य धरून

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी जेवढे बिल्डर आले, त्या सगळ्यांच्या माहितीपत्रकात एक चित्र हमखास होतं. मागे काचेची उंच इमारत, पुढे खांबांवरून धावणारी गाडी आणि खाली ओळ: ‘मेट्रो निओ स्टेशन, चालत दोन मिनिटं’. आम्ही नाशिकरोडकर. दत्तमंदिर चौक ते बिटको हा रस्ता रोज तुडवतो. त्यावर मेट्रोचा एकही खांब नाही, हे आम्हाला कोणी सांगायला नको होतं.

२०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, तेव्हा गावाला झालेला आनंद खोटा नव्हता. रबरी टायरवर चालणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी जोडगाडी, गंगापूरपासून थेट नाशिकरोडपर्यंत. पुढे दिल्लीच्या अंतिम मंजुरीत घोडं अडलं. जागांचे भाव मात्र त्या न आलेल्या मेट्रोत बसून केव्हाच पुढे निघून गेले.

आमची इमारत ऐंशीच्या दशकातली. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. मूळ सभासद बहुतेक प्रेसमधले, म्हणजे नोट प्रेस किंवा सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, त्यातलेच. जिन्याच्या स्लॅबच्या सळया दिसायला लागल्या, गच्चीवर कितीही डांबर ओतलं तरी तिसऱ्या मजल्यावर बादल्या लागायच्या, आणि गुडघे दुखणाऱ्यांची संख्या वाढत चाललेली. आधीचे सचिव मुलाकडे पुण्याला गेले आणि सभेत कोणी हात वर करेना. “आमची सूनबाई बँकेत आहे, तिला कागद कळतात,” असं दादांनीच परस्पर सांगून टाकलं.

पहिला कागद उघडला तिथेच गाडी थांबली. सातबाऱ्यावर सोसायटीचं नावच नव्हतं. मूळ बिल्डरने फ्लॅट विकले, पैसे घेतले, पण जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावावर, करून दिलंच नाही. उताऱ्यावर अजून जुन्या जमीनमालकाचं नाव. जमीन आपली नाही तर पुनर्विकास कशाचा करणार? अशा वेळी १९६३ च्या मोफा, म्हणजे फ्लॅट खरेदीदारांच्या हक्कांच्या, कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवायच्या, अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. बोलताना सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’च म्हणतात. त्याला लागणारे कागद: प्रत्येक फ्लॅटची इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा दाखला (इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा कागद), सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, जमिनीचे उतारे. हे वाचायला सोपं वाटतं. आमच्याकडे एकाचा मूळ करार हरवलेला, दोघांच्या घरांवर वारसनोंद नाही, आणि एका फ्लॅटचे मालक तीन भाऊ, जे एकमेकांशी बोलत नाहीत.

त्या तिघांची सही मिळवणं हे सगळ्या प्रवासातलं सर्वांत अवघड काम होतं, उपनिबंधकांच्या कार्यालयापेक्षाही. शेवटी तळमजल्यावरच्या काकूंनी ते केलं. एकाला चहाला, एकाला नाश्त्याला, एकाला मंदिरात गाठून. मला आजही कळलेलं नाही की त्या काय बोलल्या.

आदेश हातात आला म्हणजे झालं असं नाही. मुद्रांक कार्यालयाकडून शुल्क ठरवून घ्यायचं, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, मग फेरफार. या फेरफाराची नोंद होईपर्यंत मी बिल्डरांचे फोन घेणं बंद केलं होतं. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्याशी बिल्डर घाईने बोलतो, आणि ती घाई त्याच्या फायद्याची असते.

मग सुरू झाली ७९ अ ची वाट. सहकार कायद्याच्या या कलमाखाली राज्य सरकारने ४ जुलै २०१९ ला पुनर्विकासाचे सुधारित निर्देश काढले. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश सभासद हजर हवेत, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी, विकासक निवडायच्या सभेला निबंधकांचा प्रतिनिधी हवा आणि सभेचं चित्रीकरण करायचं. आमच्या चित्रीकरणात सर्वांत जास्त वेळ ‘माझं तोंड आलं का’ हेच ऐकू येतं, पण तो कॅमेरा नसता तर पुढे चार जणांनी ‘मी कधी हो म्हटलं’ असं म्हटलं असतं, याची मला खात्री आहे.

निर्देशांप्रमाणे बिल्डरच्या आधी आपला तज्ज्ञ नेमायचा असतो, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. आम्ही एका वास्तुविशारद बाईंना नेमलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत फळ्यावर दोन रकाने काढले, एकावर ‘आहे’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘येणार’. “येणार त्या रकान्यात आपण काही लिहायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मेट्रो शून्य धरा. आली तर नातवंडांचा बोनस.” पुढच्या सगळ्या वाटाघाटींत मी हे वाक्य धरून बसले.

कारण मेट्रोच्या नावावर नेमकं काय मिळतं, हेच कोणाला नीट माहीत नव्हतं. पुण्यात मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या परिसरात, नागपुरात मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या ५०० मीटरच्या पट्ट्यात चारपर्यंत एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) देणारं टीओडी धोरण आलं, म्हणजे वाहतुकीच्या मार्गालगत दाट आणि उंच वस्ती. त्याच्याच गोष्टी आमच्याकडे सांगितल्या जात होत्या. पण तिथे मेट्रो धावते. आमच्या प्लॉटवर किती मजले उभे राहणार हे ठरवणारी गोष्ट साधी होती: समोरच्या रस्त्याची रुंदी. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळून राज्यात बहुतेक ठिकाणी लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत मूळ एफएसआय १.१, त्यावर प्रीमियम (सरकारी अधिमूल्य) भरून आणखी, त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क), आणि हे सगळं रस्ता जितका रुंद तितकं वाढत जातं. ३० मीटर आणि त्याहून रुंद रस्त्यावर ते तीनपर्यंत पोचतं. वर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी, म्हणजे पूरक, एफएसआय, तोही प्रीमियम भरून. सल्लागार बाईंनी हे गणित सगळ्यांसमोर मांडलं तेव्हा एक बिल्डर, जो ‘मेट्रोमुळे तुम्हाला जास्त देतोय’ म्हणत होता, तो प्रत्यक्षात रस्त्याच्या रुंदीचंच आम्हाला कमी देत होता हे उघड झालं.

उंचीचंही तसंच. चित्रात बावीस मजले होते. गांधीनगरचा लष्करी विमानतळ आमच्यापासून लांब नाही, आणि विमानतळाच्या आसपास उंचीला संरक्षण खात्याची ना-हरकत लागते. ती उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. आपलं नाशिकच मुळात साधारण ६०० मीटरवर. बाईंनी विचारलं, “बावीस मजल्यांची ना-हरकत आहे का?” तर उत्तर आलं, “मॅडम, ते होऊन जातं.” त्या बिल्डरची निविदा आम्ही बाजूला ठेवली. शेवटी ज्याच्याशी करार झाला त्याने कमी मजले दाखवले होते.

कराराच्या मसुद्यावर आम्ही जेवढं भांडलो तेवढं नवराबायको म्हणून मी आणि आमचे हे कधी भांडलो नसू. निर्देशांत प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी सांगितली आहे. बिल्डर म्हणाला, एवढी हमी कोणी देत नाही. मग आम्ही कमी रकमेची हमी घेतली, पण सोबत एक अट घातली: जुन्या सभासदांच्या घरांचा ताबा होईपर्यंत विक्रीसाठीच्या घरांपैकी वरच्या मजल्यांवरच्या काही घरांचा करार करायचा नाही. ही घरं क्रमांकासकट करारात लिहिली. माझ्या मते ही अट हमीपेक्षा जास्त कामाची ठरली, कारण बिल्डरचा नफा तिथेच अडकलेला होता. रेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडची, नोंदणी नवीन ग्राहकांच्या घरांसाठी असते. जुन्या सभासदाची ढाल म्हणजे विकसन करारनामा. तो वाचायलाच हवा, आणि मोठ्याने वाचायला हवा. आम्ही तो गच्चीवर बसून कलमागणिक वाचला. दादा प्रत्येक ‘तथापि’वर थांबवायचे.

चांगली बातमी एक होती. जुन्या सभासदांनी आपापल्या नव्या घराच्या करारावर पुन्हा पूर्ण मुद्रांक शुल्क भरायचं का, यावर बराच गोंधळ होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की सोसायटीच्या विकसन करारनाम्यावर शुल्क भरलेलं असेल तर सभासदाच्या पर्यायी घराच्या करारावर पुन्हा ते लागत नाही. जादा जागा विकत घेतली तर तेवढ्यावर लागतं. आमच्यातल्या पेन्शनवाल्यांचा केवढा भार उतरला!

भाड्याच्या घराबद्दल थोडक्यात सांगते: एकाच महिन्यात एकाच भागात सगळ्यांनी घरं शोधली की भाडी वाढतात, आणि म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर लिफ्टशिवाय घर घ्यावं लागतं. आम्ही जेल रोडला गेलो. भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश आधीच घेतलेले होते, ते वटले.

वाहतुकीशी जोडलेली इमारत म्हणजे काय, हा विचार आम्ही मेट्रो बाजूला ठेवल्यावरच नीट करू शकलो. आमच्याकडे काय आहे? चालत जाता येईल असं रेल्वे स्टेशन. पहाटे डबा घेऊन पंचवटी एक्स्प्रेस गाठणारे पासधारक आमच्या जिन्यातच तिघे. जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस, जिचा थांबा मागच्या गल्लीच्या तोंडावर. मूळ नकाशात मात्र फाटक एकच होतं, पुढच्या मोठ्या रस्त्यावर, गाड्यांसाठी. बसथांब्यावर जायला अख्खा वळसा. आम्ही मागच्या बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी छोटं फाटक मागितलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, “ताई, या भावाचे फ्लॅट घेणारे लोक बसने जात नाहीत.” मी म्हटलं, त्यांच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बायका कशाने येतात? फाटक झालं. पुढच्या बाजूला दुकानांचे गाळे आणि त्यांच्यासमोर चालायला सलग जागा, हेही नकाशात घालून घेतलं. महापालिकेचा फुटपाथ मात्र आमच्या कुंपणाच्या पुढे नाल्यापाशी संपतो, तो आजही तिथेच संपतो.

पार्किंगमध्ये यांत्रिक स्टॅक होते, खालीवर होणारे. वीज गेली की गाडी वर अडकते, आणि देखभालीचा खर्च कायमचा. जुन्या सभासदांना जमिनीवरची जागा, तीही क्रमांकासकट, करारात घेतली.

उंच इमारतीत राहायला जाण्याआधी तिचा महिन्याचा खर्च कोणी तरी बसून काढावा. आमच्या तीन मजल्यांत एक पाण्याची मोटर आणि जिन्यातला दिवा एवढाच सामाईक खर्च होता. आता दोन लिफ्ट, जनरेटर, अग्निशमनाचे पंप, २४ मीटरच्या वर गेल्यामुळे मोकळा ठेवावाच लागणारा रेफ्यूज एरिया, म्हणजे आग लागल्यास थांबायची जागा. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘ब’ नमुन्यातला दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारकाकडून घ्यायचा, त्याचे पैसे वेगळे. रेफ्यूज एरियात कुंड्या आणि सायकली ठेवायच्या नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवलंय, तरी एका काकांनी तिथे कॅरम ठेवायचं ठरवलेलं दिसतं. बिल्डरकडून मिळालेला कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधी, वाटून घ्यावा असं निम्म्या लोकांचं म्हणणं होतं. मी आणि दादांनी तो सोसायटीच्या नावे ठेवीत ठेवायचा आग्रह धरला. थोडा वाटला, बराचसा ठेवला. त्या वेळी माझ्याशी बोलणं सोडलेले दोघे अजून बोलत नाहीत.

आता भोगवटा दाखल्यासाठी अर्ज गेलाय. तो हातात आल्याशिवाय किल्ली घ्यायची नाही असा ठराव आहे, बिल्डर ‘फर्निचर तरी सुरू करा’ म्हणत असला तरी. नवीन ग्राहक सभासद झाले की संख्येने ते आमच्यापेक्षा जास्त होणार, म्हणून देखभालीच्या आकारणीचा विषय त्याआधीच मांडायचाय. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांना सारखं असतं. मोठ्या घरवाल्यांना ते चालेल, पेन्शनवाल्यांना जड जाईल. कॉर्पसच्या व्याजातून जुन्या सभासदांच्या आकारणीला हातभार लावता येईल का, हे सल्लागार बाई तपासताहेत. पहिल्या वर्षाचं अंदाजपत्रक मी तयार केलंय, लिफ्टच्या देखभालीचं कोटेशन तेवढं यायचंय.