व्हायोला पुढे आला!

सावंतवाडीहून एसटीने पणजी गाठली, ती फक्त व्हायोला हे तंतुवाद्य ऐकायला. स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा होता, पण समोर उभा राहून हाताने ताल दाखवणारा कंडक्टर नाहीच! मधोमध उभी असलेली व्हायोलावादकच सगळ्यांना नेत होती. ती श्वास घ्यायची, गज किंचित उचलायची की चेलोपासून व्हायोलिनपर्यंत सगळे एका क्षणी सुरू. आपल्याकडे भजनात बुवा नुसत्या मानेने पखवाजवाल्याला सम दाखवतात ना, अगदी तसं.

व्हायोला व्हायोलिनपेक्षा थोडा मोठा, पंचमाने खाली लावलेला. खालच्या तारेवर आवाज जाड, किंचित खरखरीत. मला तोच जास्त भावतो. एरवी बिचारा मधल्या सुरांत दडलेला असतो.

टेलेमान या जुन्या जर्मन संगीतकाराची रचना सुरेख झालीच, पण आतपर्यंत गेलं ते जर्मन संगीतकार हिंडेमिटचं 'ट्राउअरम्युझिक', म्हणजे शोकसंगीत. जानेवारी १९३६ मध्ये तो लंडनला वाजवायला आला आणि राजा पंचम जॉर्ज गेला. ठरलेली रचना बाजूला ठेवून त्याने काही तासांत ही लिहिली, रेडिओवर व्हायोलाही स्वतःच वाजवला! शेवटी जुनं प्रार्थनागीत येतं. ऑर्केस्ट्रा एक ओळ म्हणून थांबतो आणि मध्ये व्हायोला एकटा बोलतो. तिथे माझे डोळे भरून आले.

असा कार्यक्रम कुडाळ, रत्नागिरीलाही व्हायलाच हवा. कुणी मनावर घेत असेल तर सांगा, खुर्च्या मांडण्यापासून सगळ्याला मी आहे.