गोव्यात जीडीए कोर्स – माझा अनुभव

बऱ्याच जणी विचारतात की बाहेरून येऊन गोव्यात जीडीएचा कोर्स झेपतो का, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट, पेशंटला आंघोळ घालणं, भरवणं, बेडपॅन देणं, बीपी-पल्स बघणं ही सगळी कामं. मी मूळची चंदगडची, लग्न होऊन म्हापशाला आले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर अॅडमिशन घेतलं.

आमच्या बॅचला कर्नाटकातल्या गदगची एक ताई, झारखंडच्या दोन मुली, एक नेपाळी वहिनी, बाकी पेडणे-डिचोलीच्या. पुस्तक इंग्लिश, शिकवणं हिंदीत, आणि वॉर्डात गेलं की पेशंट कोंकणीत बोलणार. गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोंकणीसोबत मराठीलाही सरकारी कामात जागा आहे, बाजारात, देवळात, पेपरात मराठी चालतेच, त्यामुळे एरवी माझं काही अडत नव्हतं. पण बार्देशातली ऐंशीच्या घरातली ख्रिश्चन आजी कण्हत कण्हत सांगायला लागली की कान टवकारून ऐकलं तरी अर्धंच कळायचं. आणि त्या गदगच्या ताईला तर तेवढंही नाही, पण हात इतका हलका की पेशंट तिलाच बोलवायचे.

शिकवायला होत्या त्या सिस्टरांचा एक नियम होता, हात लावायच्या आधी पेशंटला सांगायचं, मग तो शुद्धीत नसला तरी. कूस बदलायची तर लांबचा हात छातीवर घ्यायचा, गुडघा दुमडायचा, खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवायचं, पाठीला उशी, दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि माकडहाड, टाचा लाल झाल्यात का बघायचं. पडून असलेल्या पेशंटचं हे साधारण दर दोन तासांनी करावं लागतं, नाहीतर बेडसोअर, म्हणजे पडून पडून जखमा होतात. हात आठवड्याभरात बसले, कोंकणी तोंडात बसायला वेळ लागला.

मग आम्हीच मार्ग काढला, पेडण्याची मैत्रीण रोज रात्री व्हॉट्सअॅपवर कोंकणीत वाक्यं बोलून पाठवायची, खंय दुखता, उदक जाय, असली रोजची, आणि गदगची ताई ती कानडी लिपीत वहीत उतरवून घ्यायची. माझं सीमेवरचं मोडकंतोडकं कानडी तिथे कामी आलं. पल्स ती कानडीतच मोजायची, मिनिटभर ओठ हलायचे, आणि आकडा हिंदीत सांगायची, कधी चुकला नाही.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. थिअरी टॅबवर झाली, मग प्रॅक्टिकल. हॉस्पिटलातला कुठला कचरा कुठे टाकायचा, म्हणजे रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या (आयव्हीच्या) नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात, हे विचारलंच. गदगच्या ताईने सरावाच्या पुतळ्याची कूस बदलताना आधी त्याच्याशी कोंकणीत बोलून घेतलं, परीक्षकांनी मान डोलावली, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. पास झाली ती.

मला मनापासून वाटतं की सेंटरांनी टाइमटेबलात रोज तासभर कोंकणी ठेवायलाच हवी. इंग्लिशमधून मुलाखत कशी द्यावी हे शिकवायला वेळ असतो, मग दुखतंय कुठे हे विचारायला शिकवायला का नसावा? पेशंटचा त्यावर हक्क आहे.

अॅडमिशनआधी एवढं विचारून घ्या: ट्रेनिंग कुठल्या हॉस्पिटलात, नाइट ड्युटी असते का, परीक्षा कुठल्या भाषेत देता येते, आणि सर्टिफिकेट कोण देतं. फी भरायची ती त्यानंतर.