तुम्ही विचारलंत म्हणून: न ओरडता वर्ग ऐकतो कसा?

"बाई, तुम्ही ओरडत नाही तरी मुलं ऐकतात कशी तुमचं?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाचदा तरी येतोच. नवीन लागलेले शिक्षक विचारतात, पालक मीटिंग संपल्यावर मागे रेंगाळून विचारतात, आणि मी दर वेळी "सवय झाली हो आता" असं काहीतरी बोलून सटकते, कारण खरं उत्तर लांबलचक आहे आणि उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही. पण परवा एक नवी शिक्षिका तास संपवून स्टाफरूममध्ये आली ती बॅग टेबलावर टाकून रडायलाच लागली, आणि मग हाच प्रश्न विचारला. तिच्यापुढे काही सटकता येईना. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, थोडं वाढवूनच.

आधी एक कबुली. मी ओरडत नाही हे खोटंय. गेल्याच महिन्यात एवढी ओरडले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. का ओरडले ते पुढे सांगते.

मला वाटतं हा प्रश्नच जरा चुकीच्या टोकाने विचारला जातो. सगळ्यांना हवं असतं ते हे की मुलाने मस्ती केली, आता मी काय करू? रागवू, बाहेर उभं करू, वहीत शेरा लिहू, की दुर्लक्ष करू? मीही सुरुवातीची कितीतरी वर्षं हेच शोधत होते. मग कधीतरी जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल वाचलं. त्याने 1970 साली वर्ग सांभाळण्यावरचं आपलं संशोधन प्रसिद्ध केलं. एका मुलाला रागावलं की बाकीच्यांवर काय परिणाम होतो, हे बघायला तो निघाला होता. पण वर्गांचं चित्रीकरण तपासताना दिसलं भलतंच. शांत चालणारे वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांतले शिक्षक मस्ती झाल्यावर काय करतात यात काही खास फरकच नव्हता! फरक होता तो आधीच्या वेळेत. कुठे काय चाललंय हे शांत वर्गांतल्या शिक्षकांना पाठ फिरवलेली असतानाही कळायचं, आणि तास मध्येच अडखळत नव्हता. हे वाचल्यावर मला बरंही वाटलं आणि रागही आला, म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या जागी खणत होते तर.

बरं, पण "आधी" म्हणजे नेमकं काय करायचं? ते मला एका मुलाने शिकवलं, आणि त्याबद्दल मला अजून लाज वाटते.

नोकरीचं तिसरं वर्ष, सहावीचा वर्ग, अपूर्णांकांची बेरीज. मी फळ्यावर 1/2 + 1/3 लिहिलं आणि विचारलं, सांगा. एक मुलगा अगदी उत्साहाने ओरडला, "दोन पंचमांश!" आणि मी हसले. मनात वाईट काही नव्हतं, सहज बोलून गेले, "अरे वा, नवीनच गणित शोधलंस की!" वर्ग खो खो हसला. तोही हसला. तिथेच मी फसले, मला वाटलं चला, मजा झाली, तास जिवंत झाला.

त्यानंतर त्या मुलाने वर्षभर हात वर केला नाही. हे तेव्हा लक्षातच आलं नाही हो. लक्षात आलं ते एवढंच की हा मुलगा अचानक वांड झालाय. कंपासपेटी पाडायची, पुढच्याची वही ओढायची, मध्येच कसले तरी आवाज काढायचे. मी त्याला रागावले, बाहेर उभं केलं, घरी निरोप धाडले. शेवटी पहिल्या बाकावर, माझ्या टेबलासमोर आणून बसवला तेव्हा कुठे दिसलं की त्याची मस्ती वाटेल तेव्हा सुरू होत नाही. मी फळ्यावर लिहीत असताना तो शांत असायचा, चक्क उतरवून घ्यायचा. मी खडू ठेवून "चला, आता कोण सांगेल?" म्हटलं की कंपासपेटी धाडकन खाली.

प्रश्न आला की पेटी पडायची, म्हणजे प्रश्न टळायचा. बाहेर काढलं की सुटकाच. आणि वर्गाच्या लेखी तो दादा, ढ नाही. मुलांच्या जगात ढ म्हणवून घेण्यापेक्षा वांड म्हणवून घेणं कधीही परवडतं, हे मला त्या दिवशी उमगलं. आणि तेव्हापासून माझं ठाम मत झालंय (चुकीचं असेल, पण ठाम आहे) की वर्गातली निम्मी मस्ती ही न येणं लपवायची धडपड असते. सगळी नाही, काही मस्ती निखळ मस्तीच असते आणि ती असावीही. पण त्या निम्मीवर शिस्तीचा उपाय चालत नाही. तिथे न येणं स्वस्त करावं लागतं. माझ्या वर्गात चुकलं तर काय होतं, यावरच बाकी सगळं ठरतं.

आता हे करायचं कसं, तर पुढे बऱ्याच वर्षांनी तोच धडा, तीच बेरीज. या वेळी एका मुलीने सांगितलं, दोन पंचमांश. मी चेहरा मख्ख ठेवला (याची खरंच आरशासमोर प्रॅक्टिस केलीये, हसू नका) आणि 2/5 तसंच फळ्यावर लिहिलं. मनात एक, दोन, तीन मोजलं. मग विचारलं, "हे उत्तर कसं आलं असेल, कोण सांगेल?" एक जण म्हणाला, वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले. म्हटलं, हो की, सरळ तर आहे, मग यात कुणाला काही खटकतंय का? शांतता. ही शांतता फार वाईट असते बरं का, हातातला खडू वळवळायला लागतो, तोंडाशी "छेद समान करा" येऊन थांबतं. गप्प राहिले. मग अगदी मागच्या बाकावरून, जवळजवळ स्वतःशीच बोलल्यासारखा एक मुलगा म्हणाला, "पण बाई, अर्धा तर आपल्याकडे आधीच होता ना? त्यात अजून घातलं. मग अर्ध्यापेक्षा कमी कसं काय झालं?"

अख्खा वर्ग फळ्याकडे वळला. दोन पंचमांश म्हणजे 0.4, अर्ध्याहून कमीच! जिने उत्तर दिलं होतं तीच "अरे हो!" म्हणून उठली, फळ्यापाशी आली, 3/6 आणि 2/6 केले आणि 5/6 लिहून जागेवर गेली. मी एक शब्द शिकवला नव्हता. आठवड्याने दुसऱ्याच गणितात कुणीतरी म्हणालं, "थांब, दोन पंचमांश झालं नाही ना ते बघ." म्हणजे उत्तर अंदाजाने तपासून बघण्याला त्या वर्गात नावच पडलं, दोन पंचमांश बघणं. तेच चुकलेलं उत्तर, ज्याच्यावर मी एकदा हसले होते.

त्या "एक, दोन, तीन"बद्दल सांगायलाच हवं. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग तपासली होती, 1974 च्या लेखात तिने मांडलंय की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात. एक! ते तीनपर्यंत नेलं तर उत्तरं लांब येतात, गप्प राहणारी मुलं कमी होतात, मुलं स्वतःहून बोलायला लागतात. आणि तिला असंही दिसलं की जी मुलं कच्ची वाटतात त्यांच्यासाठी शिक्षक आणखीच कमी थांबतात, म्हणजे ज्याला जास्त वेळ हवा त्याला कमी. मी म्हटलं छे, आपण असं करत नाही. मग एकदा मोबाईल टेबलावर ठेवून स्वतःचाच तास रेकॉर्ड केला. चाळीस मिनिटांत 11 वेळा मी प्रश्न विचारून स्वतःच उत्तर देऊन टाकलं होतं. ऐकवत नव्हतं. ज्याला कुणाला आपला वर्ग सुधारायचाय त्याने ट्रेनिंग-बिनिंग नंतर करावं, आधी हे एकदा करावं.

आणि थांबायचं ते प्रश्नानंतरच नाही, उत्तरानंतरही. आपण लगेच "करेक्ट!" म्हणतो ना, त्या क्षणी बाकीच्यांचा विचार बंद पडतो, दुकान मिटलं. बरोबर उत्तरालाही मी आता "हं, कसं आलं?" एवढंच म्हणते. सुरुवातीला मुलं गोंधळतात, कारण आजवर "कसं आलं?" विचारलं म्हणजे चुकलं असाच अर्थ होता. दोनेक आठवडे जातात, मग सवय होते.

नावांच्या चिठ्ठ्यांचा डबा आहे माझ्याकडे, त्यातून जी निघेल त्याने सांगायचं, म्हणजे तेच ते पाच हात वर नकोत. पण नुसता डबा आणला तर तो छळ होतो, म्हणून "आत्ता नाही" म्हणायची मुभा आहे. फक्त मी परत येणार, आणि तोवर ज्या कुणाचं पटलं त्याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत सांगायचं. त्यामुळे "आत्ता नाही" म्हटलेलं मूल सगळ्यात नीट ऐकत असतं, हा बोनस.

"हुशार आहेस" हे म्हणणं मी प्रयत्नपूर्वक सोडलंय, अजून तोंडातून निसटतं. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत हुशारीसाठी कौतुक झालेल्या मुलांपैकी 10 पैकी जवळपास 4 जणांनी नंतर अवघड प्रश्नांत मिळालेले आपले मार्क दुसऱ्या मुलांना वाढवून सांगितले. मेहनतीसाठी कौतुक झालेल्यांत हे प्रमाण खूपच कमी होतं. मला हे वाचून ती कंपासपेटीच आठवली. हुशार म्हटलेलं मूलही न येणं लपवतंच, फक्त पेटी न पाडता.

स्टार, स्टिकर, बॅजेस वगैरे करून झालं. महिनाभर छान चाललं, मग एका पोराने विचारलं, "बाई, हे केलं तर स्टार आहे का?" नाही म्हटल्यावर त्याने वही मिटली. संपलं. भिंतीवरचे रंगीत तक्ते, नियमांचं पोस्टर, यावरही फार वेळ घालवू नका असंच सांगेन, पहिल्या आठवड्यानंतर ते मुलांना दिसत नाही. त्यापेक्षा तास सुरू होताना दारात उभं राहून नावाने हाक मारा, काल आजारी असलेल्याला "बरं आहे का आता" विचारा, एवढं पुरतं.

स्वतःच्या चुकांचं मात्र बोलते. फळ्यावर चुकल्यावर "मी मुद्दाम केलं होतं, बघत होते तुमचं लक्ष आहे का" ही थाप आपल्या जमातीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीये, मीही मारलीये. मुलांना ती शंभर टक्के कळते. आता मी "चुकलं, कुठे चुकलं ते शोधा" म्हणते आणि ज्याला सापडेल त्याच्या हातात खडू देते. त्या दिवशी वर्ग माझ्यावर अक्षरशः डोळ्यात तेल घालून नजर ठेवतो.

हं, गेल्या महिन्यात का ओरडले. एका मुलीने उत्तर दिलं, चुकलं, आणि दुसऱ्याने मागून तिची नक्कल केली. माझ्या वर्गात बोला, हसा, जागेवरून उठा, मला फारसं काही वाटत नाही. पण उत्तरावर हसायचं नाही, हा एकच नियम आणि तिथे माफी नाही. तरी ओरडणं चूकच. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं की नियम तोच राहील, पण माझा आवाज चुकला.

हे सगळं करून सगळं छान होतं असं मात्र समजू नका. माझ्या वर्गात आवाज असतो, त्यावरून मला बोलणीही बसलीत. सिलॅबस पहिले दोन महिने मागेच राहतो. पुढे परत परत शिकवावं लागत नाही म्हणून बराचसा भरून निघतो, पण काही वर्षी शेवटचा धडा धावत पळत उरकलाय. एक मुलगी तर वर्षभर बोललीच नाही, "आत्ता नाही" एवढंच. सगळं करून झालं. शेवटच्या दिवशी डबा रिकामा करताना तिच्या नावाच्या चिठ्ठीमागे बारीक अक्षरात लिहिलेलं सापडलं, "मला उत्तरं येत होती." आता याला यश म्हणू की काय म्हणू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या नव्या शिक्षिकेने शेवटी डोळे पुसत विचारलं, किती दिवस लागतात? म्हटलं, एक सत्र तरी धर, आणि उद्या पहिल्या तासाला माझ्या वर्गात येऊन मागे बस. दशांश अपूर्णांक आहेत. 0.45 मोठं की 0.6 असं विचारणार आहे. निम्मा वर्ग 0.45 म्हणेल, पंचेचाळीस सहापेक्षा मोठे म्हणून. तू फक्त माझ्या हातातल्या खडूकडे बघ, आणि तिसऱ्या सेकंदाच्या आत मी तोंड उघडलं तर मागून खोक.