चुंबकाआधीची आणि चुंबकानंतरची शर्यत

रविवार, रात्री. छत्रपती संभाजीनगर.

सुट्टीला पुण्याहून आलेल्या भाच्याने आज आपली स्कॅलेक्स्ट्रिकची गाडी, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी खेळण्यातली मोटार (स्लॉट कार), आमच्या लाकडी ट्रॅकवर प्रथमच चालवली. त्याच्या घरच्या प्लॅस्टिकच्या ट्रॅकवर जी गाडी वेग कमी न करता वळण घेते, ती इथे पहिल्याच वळणावर खाचेतून निसटून कठड्यावर आदळली. "मामा, तुमच्या ट्रॅकमध्ये काहीतरी बिघाड आहे," असे तो म्हणाला. बिघाड कुठेच नव्हता. त्याच्या गाडीच्या पोटाशी, मागच्या आसाजवळ एक चुंबक बसवलेला आहे आणि तो ट्रॅकमधल्या पोलादी पट्ट्यांकडे ओढला जाऊन गाडीला खाली धरून ठेवतो; आमच्या ट्रॅकवर मात्र वीज तांब्याच्या चिकटपट्टीतून वाहते, आणि तांब्यावर चुंबकाची ओढ चालत नाही. हे त्याला समजावताना जाणवले की या छंदात गेल्या सहा-सात दशकांत जे बदलले, त्यातले सर्वांत महत्त्वाचे या चुंबकापाशीच येऊन थांबते.

विजेवर धावणाऱ्या छोट्या मोटारी अमेरिकेतील लायनेल कंपनीने १९१२ सालीच विकायला काढल्या होत्या. तरी आज आपण ज्याला स्लॉट कार म्हणतो तो खेळ घडला तो १९५० च्या दशकात, इंग्लंडमधील हौशी मंडळींच्या कार्यशाळांत. त्यांनी आधी उंच रुळावरून आणि पुढे खाचेतून गाड्या धावतील अशी मांडणी स्वतःच्या हातांनी केली. फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स कंपनी १९५२ पासून पत्र्याच्या, स्प्रिंगच्या यंत्रावर चालणाऱ्या गाड्या विकत होती. त्याच गाड्यांत विद्युत मोटर बसवून त्यांनी १९५७ साली हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात स्कॅलेक्स्ट्रिक मांडले. त्या पहिल्या गाड्यांत मासेराती २५० एफ या शर्यतीच्या मोटारीची प्रतिकृती होती आणि ट्रॅक रबराचा होता. पुढच्याच वर्षी लाइन्स ब्रदर्सने ती कंपनी विकत घेतली, १९६० मध्ये अमेरिकेत ऑरोरा कंपनीच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या गाड्या आल्या, १९६३ मध्ये जर्मनीत कारेराच्या गाड्या आल्या. अमेरिकेत तर तासाच्या भाड्याने ट्रॅक देणारी केंद्रे शहरोशहरी उघडली आणि ते दशक संपता संपता त्यांतली बहुतेक बंदही पडली.

त्या काळच्या गाड्यांना चुंबकाचा आधार नव्हता, आणि मला त्या शर्यतीचे मनापासून आकर्षण आहे. हातातला कंट्रोलर म्हणजे त्या वेळी बोटाने कमी-अधिक करता येणारा विद्युत रोध, एवढेच. बोट दाबले की मोटरला जास्त वीज मिळते. पुढे बोट पूर्ण सोडताच मोटरची दोन टोके एकमेकांना जोडली जाण्याची सोय आली, त्यामुळे फिरणारी मोटरच जनित्र बनून ब्रेकचे काम करते. वळणाच्या किती आधी बोट उचलायचे, गाडीची मागची बाजू किती बाहेर झुकू द्यायची आणि ती सरळ होण्याच्या नेमक्या कोणत्या क्षणी पुन्हा वीज द्यायची, हे सारे चालवणाऱ्याच्या बोटात असते. मागची बाजू घसरत असतानाही गाइडच्या, म्हणजे गाडीखालून खाचेत उतरणाऱ्या, जिभेवर तोल सांभाळत वळण पार करणारी गाडी पाहण्यासारखे सुख या छंदात दुसरे नाही.

चुंबक आधी १९७० च्या दशकात ऑरोराच्या छोट्या गाड्यांत आणि १९८८ च्या सुमारास स्कॅलेक्स्ट्रिकच्या मोठ्या गाड्यांत आला. त्याने लहान मुलांचे भले केले हे मान्यच केले पाहिजे, कारण दर वळणावर गाडी उचलून ठेवावी लागली तर आठ वर्षांचे मूल दहा मिनिटांत कंटाळते. पण वेग वाढला आणि घसरण नाहीशी झाली. पकड टायरकडून चुंबकाकडे गेली आणि त्याबरोबर कौशल्याचा मोठा भाग गाडीच्या पोटात जाऊन बसला. २००४ मध्ये आलेल्या डिजिटल पद्धतीबद्दल मात्र माझी तक्रार नाही. प्रत्येक गाडीत स्वतंत्र चिप असल्याने दोनच खाचांवर सहा गाड्या धावतात, बटण दाबून खाच बदलता येते आणि समोरच्याला मागे टाकण्यासाठी खरोखरच वाट शोधावी लागते. शर्यतीला तिचा हरवलेला डावपेच या सोयीने परत दिला.

मराठवाड्यात मी स्लॉट कारचे दुकान कधी पाहिले नाही; परदेशातून मागवलेला संच आयात शुल्कासह घरापर्यंत येईतो फार महाग पडतो. त्यामुळे आम्हा मोजक्या लोकांना वाट उरली ती त्या पहिल्या इंग्रज हौशी मंडळींचीच, आणि माझ्या मते ती दुय्यम वाट नाही. दरवाजांवर नक्षी कोरणारी संगणकीय राउटर यंत्रे आता इथल्या सुतारांकडेही आली आहेत. त्यांच्यावर एमडीएफच्या फळीत तीन-एक मिलिमीटर रुंदीची खाच हव्या त्या वळणाने कापून मिळते. गाडीचा सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर काढता येतो. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत आयुष्य घालवलेल्या माणसांना आस सरळ आहे की नाही आणि गिअरच्या दातांमधली फट किती ठेवायची, हे शिकवावे लागत नाही. इथली खरी अडचण धुळीची आहे. उन्हाळ्यात तासाभरात ट्रॅकवर थर बसतो आणि पकड निघून जाते, म्हणून प्रत्येक फेरीआधी टायर चिकटपट्टीवर फिरवून साफ करावे लागतात.

जालना आणि परभणीचे मित्र पुढच्या महिन्यात गाड्या घेऊन यायचे आहेत. तोवर वीजपुरवठा बारा व्होल्टवरून दहावर आणून पाहायचा विचार आहे, कारण बिनचुंबकी गाड्या थोड्या कमी दाबावर जास्त समतोल धावतात आणि नवख्या माणसालाही वळणावर विचार करायला अवधी मिळतो. गाइडच्या मागे वजनासाठी शिसे किती ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. वजनाची कमाल मर्यादा तेवढी आधी सर्वांना कळवली पाहिजे.