पैसे देणाऱ्याचा मजकूर

उद्यमनगरात आमचं कोनशिला आणि नामफलक कोरायचं काम. आता छिन्नी कमी, सँडब्लास्ट जास्त. पार्टी मात्र तीच, मशीन सुरू करायच्या वेळी मजकूर बदलणारी. उपसरपंचांचं नाव अर्धा इंच बारीक का, यावर तास जातो. त्यामुळं कुठलाही शिलालेख दिसला की आधी बघतो, पैसे कुणी दिले आणि नंतर कुणी काय वाढवलं.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कॅनल स्ट्रीटवर १८९१ साली असाच एक दगडी खांब उभारला. कशाबद्दल, तर सरकार उलथल्याबद्दल. शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४, ही तारीख मी झोपेतही कोरीन. त्याच साली १४ सप्टेंबरला हे झालं. यादवी युद्ध संपलेलं, गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक मतं देत होते, लुइझियाना राज्यात केलॉग गव्हर्नर होते, काळ्यांच्या मतांवर उभ्या रिपब्लिकन पक्षाचे. १८७२ ची निवडणूक आम्हीच जिंकलो म्हणत विरोधकांनी मॅकेनरींना आपला गव्हर्नर ठरवून टाकलं होतं. व्हाइट लीग ही गोऱ्यांची हत्यारबंद संघटना हजारोंनी रस्त्यावर उतरली. त्यांच्या बंदुका घेऊन एक बोट धक्क्याला लागली होती, त्या त्यांना उतरवून घ्यायच्या होत्या. समोर पोलीस आणि काळ्या शिपायांची पलटण. तिचा म्होरक्या कोण, तर लाँगस्ट्रीट, युद्धात गुलामगिरीवाल्यांचाच नामांकित जनरल! तो जखमी होऊन पकडला गेला, पोलीस मागं हटले, केलॉग कस्टम हाउस या केंद्र सरकारच्या इमारतीत जाऊन बसले. तीसेक माणसं मेली. तीन दिवसांनी अध्यक्ष ग्रँट यांची फौज आली तेव्हा लीगवाले मुकाट घरी गेले. खटला एकावरही नाही. १८७७ मध्ये फौजेनं हात काढून घेतला आणि राज्य त्यांच्याच पदरात पडलं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. १९३२ साली त्या खांबावर जादा मजकूर कोरला. केंद्राच्या फौजेनं बळकावणाऱ्यांना, म्हणजे केलॉग मंडळींना, परत बसवलं, पण १८७६ च्या निवडणुकीनं दक्षिणेत गोऱ्यांचं वर्चस्व मान्य केलं आणि आमचं राज्य आम्हाला दिलं, असा. एरवी पार्ट्या शौर्य, बलिदान, त्याग असं काहीबाही लिहायला लावतात. ह्यांनी पोटातलं सरळ दगडावर आणलं. निर्लज्ज खरंच, पण खोटं त्यात फारसं नाही.

१९९३ मध्ये खांब आडबाजूला नेला आणि नवा मजकूर आला: दोन्ही बाजूंच्या मृतांना आदरांजली, भूतकाळातून धडा वगैरे. हा नमुना ओळखीचा. आमच्याकडं सर्वपक्षीय कार्यक्रमाचा दगड असाच गुळमुळीत होतो.

२०१७ च्या एप्रिलात रात्रीच्या अंधारात तो काढला. कामगारांनी तोंडं झाकलेली, अंगात बुलेटप्रूफ जाकिटं, ट्रकवरची नावंही झाकलेली. आमचे हमाल क्रेन लावायच्या आधी मजुरीसाठी भांडतात. असल्या कामाला त्यांनी काय भाव सांगितला असता?