वेंगुर्ल्याचा पर्जन्यमापक: सर्व्हरला ‘दीड सेकंद’ सांगताना

मंडळी, पावसाळ्याआधीची नोंद. नवीन आलेल्यांसाठी: गच्चीवर झुकत्या वाटीचा पर्जन्यमापक आहे. वाटी कलंडली की रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एक ओळ पडते. जुन्या लॅपटॉपवर मारियाडीबी हा दुसरा डेटाबेस, आलेख तिथून निघतात. जुलैत सर कोसळू लागली की वाटीला उसंत नसते, आणि ‘किती पडला?’ म्हणून अख्खी वाडी एकाच वेळी पान उघडते. तेव्हा रेंगाळणारी क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) लगेच तोडलेली बरी. म्हणून सध्या वेळमर्यादा अपूर्णांकात लावतोय.

पोस्टग्रेसचा ‘स्टेटमेंट_टाइमआउट’ (एक आज्ञा किती वेळ चालू द्यायची ती मर्यादा) पूर्णांक आहे, एकक मिलिसेकंद. आवृत्ती १२ (२०१९) पासून त्याला ‘१.५ सेकंद’ असं लिहिलेलं चालतं, आधी सरळ नकार यायचा. ‘शो’ (लावलेलं मूल्य दाखवणारी आज्ञा) केलं की १५०० मिलिसेकंद दिसतात. दीड मिनिट दिलं तर ९० सेकंद. आता ०.३ मिलिसेकंद देऊन बघा: जवळच्या पूर्णांकात बसवताना शून्य होतं, आणि इथे शून्य म्हणजे मर्यादाच नाही! मर्यादा कडक करायला जावं आणि ती उठावी. इतका छोटा आकडा कोण देणार, असं वाटेल. पण ‘लॉग_रोटेशन_एज’चं (किती वेळाने नवी लॉग फाइल सुरू करायची, त्याचं) एकक मिनिट आहे, तिथे २० सेकंद दिले तरी शून्यच, आणि वेळेनुसार लॉग बदलणं बंद. एरर नाही, काही नाही. म्हणून मी प्रत्येक ‘सेट’नंतर ‘शो’ करतोच.

‘व्हॅक्यूम_कॉस्ट_डिले’ (जुन्या ओळींची साफसफाई करताना मधे घ्यायची विश्रांती) मात्र त्याच आवृत्तीत खराखुरा दशांश झाला. अर्धा मिलिसेकंद दिला की ५०० मायक्रोसेकंद दिसतात, काही हरवत नाही. ऑटोव्हॅक्यूमचा (आपोआप होणाऱ्या साफसफाईचा) मूळ विलंबही तेव्हाच २० वरून २ मिलिसेकंदांवर आला.

मारियाडीबीत आज्ञेच्या वेळमर्यादेचा ‘मॅक्स_स्टेटमेंट_टाइम’ सेकंदांत असतो आणि मायक्रोसेकंदापर्यंत अपूर्णांक घेतो, त्यामुळे ०.७५ बिनतक्रार. मारियाडीबीच्या नातलग मायएसक्यूएलवाल्यांनी इथे जपा: तुमचा ‘मॅक्स_एक्झिक्यूशन_टाइम’ मिलिसेकंदांत आणि फक्त सिलेक्टला (माहिती वाचणाऱ्या आज्ञेला) लागू. तिथले ५०० म्हणजे अर्धा सेकंद, इथले ५०० म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. एकाची कॉन्फिग फाइल दुसऱ्याकडे उचलून टाकू नका, कळकळीने सांगतो.

मारियाडीबीचा ‘लाँग_क्वेरी_टाइम’ (याहून जास्त वेळ घेणारी क्वेरी ‘संथ’ म्हणून नोंदवायची) ०.२ ठेवलाय, मूळचे १० सेकंद माझ्या कामाचे नव्हते. ग्लोबल (अख्ख्या सर्व्हरसाठीचा) बदल फक्त नव्या कनेक्शनना लागतो, त्यामुळे आलेखाचा प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

अडलंय ते ‘इनोडीबी_लॉक_वेट_टाइमआउट’पाशी: मारियाडीबीच्या इनोडीबी या साठवण-इंजिनात दुसऱ्याने अडवलेली ओळ मोकळी व्हायची किती वाट बघायची, ते. १.५ दिलं की एरर १२३२, कारण त्याला पूर्ण सेकंदच हवेत. ‘नोवेट’ आहे, पण त्यात थांबणंच नाही, आणि मला पाव-अर्धा सेकंद थांबून मग सोडायचंय. पोस्टग्रेसच्या ‘लॉक_टाइमआउट’ला हे सहज जमतं. इनोडीबीवर कोणी जमवलं असेल तर कसं ते सांगा, मिरग लागायच्या आत लावून टाकतो.