ओल्या बाभळीवरची धाव

माघात चिंचलीच्या मायाक्काची जत्रा आली की आमच्या भट्टीवर बैलगाड्या येतात. एरवी विळे-खुरपी शेवटायची, म्हणजे बोथट धार ठोकून काढायची, उसाच्या कोयत्यांना पाणी द्यायचं, एवढंच. रबरी टायर आल्यापासून धावेचं, म्हणजे लाकडी चाकावर बसवायच्या लोखंडी पट्टीचं, काम घटलंय.

यंदा एक शेतकरी ढिल्या धावेचं चाक घेऊन आला. धाव उतरवली तर दोन पुठ्या, म्हणजे चाकाच्या कडेचे लाकडी तुकडे, कुजलेल्या. लोखंड माझं, लाकूड सुताराचं. आमच्या गावचा सुतार कधीच दारं-खिडक्यांकडे वळला, म्हणून रायबागकडचा एक कन्नड सुतार बोलावला. हाताचा पक्का माणूस, पण पुठ्या घातल्या ओल्या बाभळीच्या. वाळलेलं लाकूड आता ठेवतो कोण?

इथंच घोळ झाला. साडेचार मीटर घेराची धाव शेणींच्या जाळात ६०० अंशांपर्यंत तापली की ३ सेंटिमीटर वाढते. म्हणून ती घेरापेक्षा बोटभर आखूड कापायची, टोकं पांढरी होईस्तोवर तापवून, रेती टाकून घणानं एकजीव करायची, लालबुंद असतानाच चाकावर बसवून पाणी ओतायचं. जास्त आखूड कापली तर आरे दबून चाक परातीसारखं वाकतं. पण ओलं लाकूड वाळल्यावर आक्रसणार. मग किती कापायची?

"अण्णा, दोन बोटं कापा की वो. घट्ट बसू दे," सुतार म्हणाला.

मी दीडवर थांबलो. उगाच एवढी चर्चा कशाला, असं वेल्डिंगवाल्या पोराला वाटलं. त्याच्या धावा जोडावरच तुटतात, तो भाग वेगळा.

आजोबांच्या वेळी हे तिघांत निभायचं. लोखंड शेतकऱ्याचं, सुतार शेजारचा, ज्याचं काम त्यानंच भाता ओढायचा, आणि मजुरी सुगीला खळ्यावर बलुत्यात. चाक पुन्हा ढिलं झालं तर पुन्हा आणायचं, वेगळे पैसे नाहीत. आता पावती फाडली की माणूस मोकळा. त्याला तीच हमी वाटते.

"मुक्कामाला चाकं भिजवत जा," एवढं त्या शेतकऱ्याला सांगितलं. जत्रेहून परतल्यावर त्यानं फोन केला, धाव हलली नाही.

"पाणी घालत होतास?"

"रोज. नदी दिसली की गाडी पाण्यातच उभी करायचो."

म्हणजे धाव माझ्या दीड बोटानं धरली की त्याच्या पाण्यानं, ते उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावरच कळेल. तोवर दुसरं चाकही आणतो म्हणतोय. सुताराला सांगितलंय, या खेपेला लाकूड आधी मला दाखव.